घर कोणत्या स्थानकापाशी घ्यावे?

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संमेलनातील व्याख्यानास आजवर बहुधा संतवाङ्मय, सद्वर्तन किंवा ज्ञातीचा इतिहास असा एखादा भारदस्त विषय देण्याची प्रथा आहे. यंदा चिटणीसांनी आम्हांस जो विषय दिला तो तसा नाही. तो आपणांपैकी निम्म्या घरांत रात्रीच्या जेवणानंतर रोज निघतो आणि बहुधा भांडणावर संपतो. नोकरी मुंबईत, मुंबईत घर घेण्याची ऐपत नाही, तेव्हा गाडीच्या वाटेवरचे एखादे लहान गाव पाहून तेथे बिऱ्हाड न्यावे. पण ते गाव कोणते? बदलापूर की वांगणी, आसनगाव की कर्जत, पालघर की सफाळे? मंडळाच्या कचेरीत विद्यार्थिवृत्तीच्या चौकशीपेक्षा हल्ली या चौकशा अधिक येतात, असे चिटणीस म्हणतात. आमचे सारे आयुष्य कल्याणापलीकडच्या शाळांतून मुले शिकवण्यात गेले. त्या मुलांचे वडील, आणि पुढे आयाही, रोज गाडीने मुंबईस जात. तेव्हा या विषयावर बोलण्याचा एवढा अधिकार आमच्याकडे आहे असे समजून आपण ऐकून घ्यावे.

प्रथम हे सांगितले पाहिजे की ही चाल नवी नव्हे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली, हे शाळेतील प्रत्येक मुलास पाठ असते. १८५४ साली ती कल्याणास पोचली, १८५६ साली खोपोलीस आणि १८६१ साली कसाऱ्यास. पश्चिमेच्या बाजूस १८६७ साली विरारहून मुंबईस रोज एक गाडी सुरू झाली. म्हणजे आज ज्या गावांची नावे आपण घेतो ती बहुतेक सगळी दीडशे वर्षांपूर्वीच रुळावर आलेली होती. माणसे मात्र हळूहळू गेली. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, त्यानंतर १८९८ मध्ये सुधारणा ट्रस्ट स्थापन झाला आणि दाट वस्तीतून माणसे बाहेर काढून दादर-माटुंग्याच्या बाजूस वसवण्याची योजना निघाली. शहराच्या गर्दीतून मोकळ्या हवेत राहावे म्हणून लोक दादरला गेले, हे आज ऐकून हसू येईल, पण ते खरे आहे. पुढच्या पिढीने पार्ले गाठले, तिच्या पुढच्या पिढीने ठाणे, मग डोंबिवली. आपल्या मंडळाची सभासदांच्या पत्त्यांची जुनी वही उघडली तर हीच वाट शाईने लिहिलेली दिसते. जुन्या पानांवर गिरगाव, ठाकुरद्वार, भुलेश्वर. मधल्या पानांवर दादर, पार्ले, मुलुंड. आणि अलीकडच्या पानांवर अशी नावे की टपाल टाकताना कारकुनाने पिनकोड पुन्हा पाहावा. प्रत्येक पिढी चार-सहा स्थानके पुढे सरकली आहे.

मात्र एक फरक आहे. दादर किंवा पार्ले येथे जो गेला तो अर्ध्या-पाऊण तासात कचेरीत पोचत असे. आज जो सरकतो आहे त्याचे अंतर किलोमीटरांत मोजण्यात अर्थ उरलेला नाही. कल्याण मुंबईपासून ५४ किलोमीटर, बदलापूर ६८, कर्जत १००, कसारा १२१. हे आकडे स्थानकांच्या यादीत मिळतात. जाहिरातीत मात्र एकच आकडा असतो, तो म्हणजे स्थानकापासून घर किती मिनिटांवर आहे हा. आणि ती मिनिटे कोणत्या वाहनाने व रात्रीच्या कोणत्या प्रहरी मोजली, ते त्यात लिहिलेले नसते.

गणिताच्या शिक्षकाची खोड सुटत नाही, म्हणून एक उदाहरण आपणांसमोर मांडतो. एका गृहस्थाचे घर बदलापुरास आहे. घरातून स्थानकापर्यंत २५ मिनिटे, गाडीची वाट पाहण्यास १०, जलद गाडीने मुंबईस सुमारे दीड तास, उतरून कचेरीत पोचण्यास १५. एकूण २ तास २० मिनिटे. परत येताना तितकेच. दिवसाचे ४ तास ४० मिनिटे झाले. वर्षात २८० दिवस कामाचे धरले तर १३०० हून अधिक तास, म्हणजे रात्र आणि दिवस मिळून ५४ दिवस. हा गृहस्थ वर्षातले जवळजवळ दोन महिने गाडीत व गाडीच्या पायी घालवतो. वीस वर्षांच्या नोकरीत पुरी तीन वर्षे झाली. घराच्या किमतीत आपण मुद्रांकशुल्क धरतो, नोंदणी धरतो, वाहनतळाचे पैसे धरतो. ही तीन वर्षे कोणी धरत नाही.

त्यातही गाडी वेळेवर आली तर हे गणित. कल्याणपर्यंत धीम्या व जलद गाड्यांना वेगळाले मार्ग आहेत. कल्याणाच्या पुढे रेल्वेला दोन फाटे फुटतात, एक कर्जतकडे व एक कसाऱ्याकडे, आणि तेथे घाटातून उतरणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्या व आपल्या लोकल यांना त्याच रुळांवरून जावे लागते. एक्सप्रेस पुढे काढायची म्हणून लोकल थांबली की घरी पोचण्याचा वेळ वाढला. विरारच्या पुढे डहाणूपर्यंत उपनगरी गाड्या २०१३ पासून धावतात, पण त्या इतक्या थोड्या आहेत की एक चुकली तर पुढचीसाठी फलाटावर बसून वर्तमानपत्र शेवटच्या पानापर्यंत वाचून होते. वाढीव मार्गांची कामे या भागांत हाती घेतलेली आहेत. ती पुरी होवोत. परंतु घर घेणाऱ्याने आज रुळावर धावणारी गाडी मोजावी, नकाशावरची मोजू नये. गर्दीविषयी आम्ही अधिक बोलत नाही. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ चालत्या गाड्यांच्या दारांत उभे असलेले प्रवासी खाली पडले आणि त्यांतील काहींना प्राण गमवावे लागले, ही गोष्ट ताजी आहे. ती माणसे काही साहस करण्यास निघाली नव्हती, कामावर निघाली होती.

येथपर्यंत जे बोललो ते जाणाऱ्याविषयी. आता आमच्या मते ज्याचा विचार सर्वांत आधी व्हावयास हवा आणि जो सर्वांत शेवटी होतो, तो घरी राहणाऱ्यांचा. गाव निवडताना बहुधा कमावत्याची सोय पाहिली जाते. पण कमावता माणूस गावात राहतो कोठे? तो पहाटे निघतो, रात्री येतो. गावात खरोखर राहतात ती मुले, म्हातारी माणसे आणि घर सांभाळणारी बाई. आणि तीही हल्ली बहुधा नोकरीला जाते, म्हणजे मग मुले व म्हातारी एवढीच. आमच्या वर्गात अशी कितीतरी मुले असत की ज्यांच्या प्रगतिपुस्तकावर वडिलांची सही गाडीत घेतलेली असे. अक्षर हललेले दिसे, त्यावरून आम्ही ओळखत असू. एका मुलाने निबंधात 'माझे बाबा रविवारी राहतात' असे लिहिले होते. त्याला 'रविवारी घरी असतात' असे म्हणावयाचे होते. आम्ही लाल शाईने वाक्य सुधारले खरे, पण त्याचे वाक्य अधिक बरोबर होते.

यास्तव आमचे मत असे की गाव निवडताना जो रोज बाहेर जाणार त्याला एक मत असावे आणि जे दिवसभर तेथे राहणार त्यांना तीन. पाहण्यास जाताना घरातल्या म्हातारीला बरोबर न्यावे. रस्ता ओलांडता येतो का, देऊळ किंवा बसायचे ठिकाण चालत जाण्याजोगे आहे का, वाणी व भाजीवाली किती अंतरावर आहे, हे ती पाच मिनिटांत सांगेल. सातव्या मजल्यावरून डोंगर कसा दिसतो हे मुलगा पाहील. वीज गेल्यावर उद्वाहन चालते की नाही हे ती विचारील. रविवारी पाहावयास जाऊ नये. रविवारी प्रत्येक गाव शांत व प्रत्येक रस्ता रिकामा असतो. कामाच्या दिवशी संध्याकाळी साडेआठच्या गाडीने उतरावे, शेअर रिक्षाच्या रांगेत उभे राहावे आणि त्या घरापर्यंत जाऊन पाहावे. जमल्यास एक पावसाळा भाड्याने काढावा. पाच महिन्यांचे भाडे वाया गेले असे वाटेल. पण वीस वर्षांचे हप्ते चुकीच्या गावात फेडण्यापेक्षा ते स्वस्त पडते.

पावसाळ्याचा उल्लेख आम्ही उगाच केलेला नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, हे सर्वांच्या स्मरणात आहे. उल्हास नदीकाठच्या गावांना तो दिवस तसाच गेला. पुढे २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना नावांतून बाहेर काढावे लागले. त्याच नदीच्या काठी आज 'नदीचे दर्शन' म्हणून सदनिका विकल्या जातात. नदीचे दर्शन उत्तम आहे, परंतु नदीनेही आपले दर्शन घरात येऊन देऊ नये. पूररेषेचे नकाशे पाटबंधारे खात्याने आखलेले असतात, निळी रेषा व लाल रेषा असे त्यांस म्हणतात. नगरपालिकेत जाऊन आपला भूखंड त्या रेषांच्या कोणत्या बाजूस आहे ते पाहता येते. ते पाहावयास लाज वाटू नये. आणि जुन्या गावकऱ्याला विचारावयास तर मुळीच वाटू नये. पाणी कोठवर चढले होते ते तो हाताने भिंतीवर दाखवतो.

आता पाणी. शहापूर तालुक्याकडे पाहावे. तानसा, मोडकसागर, भातसा ही मुंबईस पाणी पाजणारी धरणे त्या तालुक्याच्या परिसरात आहेत. तानसा तर १८९२ पासून मुंबईची तहान भागवते आहे. आणि त्याच तालुक्यातल्या कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात पाण्याचा टँकर येतो. तेथील बायका डोक्यावर हंडे घेऊन त्या मोठ्या नळांच्या कडेने चालतात. आपण आसनगाव-वाशिंदला घर घेऊ तेव्हा हे लक्षात असू द्यावे, दोन कारणांनी. एक, धरण जवळ आहे म्हणजे नळाला पाणी आहे असे नव्हे. दुसरे कारण अधिक गंभीर आहे: आपल्या संकुलासाठी कूपनलिका खोल खोल गेली तर ती कोणाच्या विहिरीचे पाणी ओढते, हेही आपणच विचारावयास हवे, कारण उद्या ते आपले शेजारी असणार आहेत. अंबरनाथ व बदलापूर येथे पाणी जीवन प्राधिकरणाकडून येते, पण वस्ती इतक्या झपाट्याने वाढली की नळाला किती तास पाणी येते हा प्रश्न प्रत्येक घरी वेगळा विचारावा लागतो. विकणाऱ्यास तो विचारू नये. तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या गृहिणीस विचारावा.

कागदपत्रांविषयी येथे वकीलमंडळी बसली आहेत, ती आमच्यापेक्षा अधिक सांगतील. तरी एवढे बोलल्यावाचून आमच्याने राहवत नाही. नालासोपाऱ्यात सांडपाणी प्रकल्प व कचराभूमीसाठी राखून ठेवलेल्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या ४१ इमारती न्यायालयाच्या आज्ञेने २०२५ च्या आरंभापर्यंत पाडण्यात आल्या. त्यांत राहणाऱ्या कुटुंबांनी पैसे मोजून घरे घेतली होती. कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींच्या बाबतीत बनावट परवानग्या दाखवून महारेराची नोंदणी मिळवल्याचे उघडकीस आले. म्हणजे महारेराचा क्रमांक आहे एवढ्यावर आता समाधान मानता येत नाही. सातबारा, अकृषिक परवानगी, बांधकामाची परवानगी आणि तयार घर असल्यास भोगवटा प्रमाणपत्र ही कागदे ज्या कचेरीने दिली असे लिहिलेले असते त्या कचेरीतच जाऊन पडताळून पाहावीत. दोन दिवसांची रजा जाते. आपल्या मुलीचे स्थळ पाहताना आपण चार ठिकाणी चौकशी करतो. घराच्या बाबतीत मात्र छापील रंगीत कागदावर आपला विश्वास बसतो.

आम्ही ज्या गोष्टीसाठी हे व्याख्यान पत्करले तिच्याकडे आता येतो.

आपल्या ज्ञातीतील एक दांपत्य होते. नावगाव सांगत नाही. पन्नास वर्षे मुंबईतल्या चाळीत एका खोलीत राहिले. चाळीत सामाईक गॅलरी, सामाईक नळ, सामाईक भांडणे. मुलाने ती खोली विकून दूर उपनगरापलीकडे दोन खोल्यांची, गच्चीची सदनिका घेतली. हेतू उत्तम होता. आईवडिलांनी उतारवयात स्वतंत्र न्हाणीघर असलेल्या घरात राहावे, असे त्यास वाटले. इमारत नवी, निम्मी रिकामी. मुलगा व सून पहाटे सहाच्या गाडीने जात. तिसऱ्या महिन्यात म्हाताऱ्याच्या छातीत दुखू लागले. शेजारचे दार बंद, समोरचे दार बंद, खाली पहारेकरी होता तो परप्रांतीय, त्याने बिचाऱ्याने धावपळ केली, रिक्षा आणली. गावातल्या लहान दवाखान्यातून मोठ्या रुग्णालयाकडे पाठवले आणि वाटेतच सर्व आटोपले. मुलास गाडीतच कळले. घरी देह आणल्यावर खांदा देण्यास चार माणसे मिळाली ती खालच्या मजल्यावर फरशी बसवणाऱ्या मजुरांतून. त्यांचे उपकार त्या घराने पुढे कधी विसरले नाहीत. परंतु चाळीच्या जिन्यात माणसे मावली नसती अशा माणसाची ती यात्रा होती. त्याच्या पत्नीने आम्हांस नंतर सांगितले, "मास्तर, घर चांगलं आहे. पण इथं मला हाक मारायला नाव ठाऊक असलेलं कुणी नाही."

यावर कोणी म्हणेल की मग लहान गावी जाऊच नये. तसे आम्ही म्हणत नाही. उलट मुंबईच्या पोटात दहा बाय बाराच्या खोलीत तीन पिढ्या कोंबणे हे पुण्यकर्म आहे असेही आम्ही मानत नाही. आमचे म्हणणे एवढेच की गाव आणि गावाच्या नावाने माळावर उभी केलेली इमारत यांत भेद करावा. ज्याला स्वतःचा बाजार आहे, शाळा आहे, रात्री दार उघडणारा डॉक्टर आहे, वाचनालय आहे, जेथील माणसे गाडी बंद पडली तरी जगू शकतात, ते गाव. २०२० च्या मार्चमध्ये लोकल गाड्या बंद झाल्या. अत्यावश्यक सेवेतील लोकांसाठी त्या जूनमध्ये सुरू झाल्या, पण सर्वसामान्य प्रवाशास त्यांत पाय ठेवण्यास फेब्रुवारी २०२१ उजाडला, तोही ठराविक वेळांतच. त्या दहा महिन्यांत कोणते गाव स्वतःच्या पायावर उभे आहे आणि कोणते केवळ निजण्यापुरते आहे, ते आपोआप कळले. जुन्या पेठेच्या गावांत भाजी मिळत राहिली, औषधवाला उधारी देत राहिला, शिक्षक अंगणात दोन-चार मुले बसवून शिकवत राहिले. नव्या संकुलांत माणसे खिडकीत उभी राहिली. त्या काळापासून काही कचेऱ्यांनी आठवड्यातून काही दिवस घरून काम करण्याची मुभा दिली, ती अनेकांस अजून आहे. ज्याला ती आहे त्याचे आमचे वरचे ५४ दिवसांचे गणित निम्म्यावर येते. तथापि ही मुभा मालकाच्या मर्जीवर असते आणि घराचा हप्ता बँकेच्या नियमावर. दोहोंची गाठ घालताना जपावे.

गावांची नावे घेऊन बोलावे असा आग्रह झाला आहे, म्हणून थोडे बोलतो. डोंबिवली व कल्याण ही आता लहान गावे राहिली नाहीत, त्यांची महानगरपालिका १९८३ पासून आहे. पण कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे आहे आणि डोंबिवलीत २०१७ साली अखिल भारतीय साहित्यसंमेलन भरले, एवढ्यावरून तेथे समाज म्हणून काही उभे आहे हे कळते. अंबरनाथ जुने गाव आहे. तेथील शिवमंदिर शके ९८२ चे. बदलापूर दहा वर्षांत, २००१ ते २०११ या जनगणनांच्या दरम्यान, सुमारे ९८ हजारांवरून पावणेदोन लाखांवर गेले आणि त्यानंतरही वाढतच आहे. ज्याला लहान गाव हवे म्हणून तो तेथे जातो तो लहान गाव संपवण्यास हातभार लावतो. याला इलाज नाही. पण बदलापुरास ग्रंथसखासारखे वाचनालय आहे, मराठी माणसांची घट्ट वस्ती आहे, उत्सव आहेत. जुन्या गावठाणाजवळ घर मिळाले तर घ्यावे, डोंगराच्या पायथ्याशी एकटे घेऊ नये, असे आमचे मत.

वांगणीविषयी एक गोष्ट बोलल्यावाचून पुढे जाववत नाही. तेथे दृष्टिहीन माणसांची कितीतरी कुटुंबे राहतात. भाडे परवडते आणि गाड्यांतून लहानसहान वस्तू विकून पोट भरता येते म्हणून ती तेथे एकवटली. १७ एप्रिल २०२१ रोजी त्याच स्थानकावर एका दृष्टिहीन मातेचे मूल रुळावर पडले आणि मयूर शेळके या पॉइंट्समनने समोरून वेगाने येणाऱ्या गाडीपुढे धावत जाऊन त्यास उचलले, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. आम्हांस त्या शौर्याइतकेच आणखी एका गोष्टीचे महत्त्व वाटते. ज्यांना डोळे नाहीत त्यांनी गाव निवडताना आपल्यासारख्या एकटे राहणाऱ्या माणसांशेजारी बिऱ्हाडे केली. आपण डोळस माणसे दर्शनी फरशी पाहून घर घेतो.

कर्जत २०११ च्या जनगणनेत सुमारे ३० हजार वस्तीचे होते. जुनी पेठ, घाट चढण्यापूर्वी प्रत्येक गाडीस तेथे थांबून मागे इंजिने जोडण्याची जुनी रीत, भोवती भाताची शेते. आम्हांस ते गाव मनापासून आवडते. परंतु मुंबईपर्यंत सुमारे दोन तासांची गाडी आहे. रोजच्या नोकरीस ते झेपेल असे तरुणास वाटते, चाळिशीनंतर वाटत नाही. निवृत्त माणसास, घरून काम करणाऱ्यास अथवा ज्याची नोकरी ठाणे-कल्याणपर्यंतच आहे त्यास कर्जत उत्तम. नेरळ माथेरानच्या पायथ्याशी आहे, तेथे जमीन घेणाऱ्याने माथेरानच्या परिसरास २००३ पासून लागू असलेले पर्यावरणाचे निर्बंध वाचावेत. पालघर १ ऑगस्ट २०१४ पासून जिल्ह्याचे ठिकाण आहे, कचेऱ्या तेथे आल्या, त्यामुळे मुंबईस न जाताच नोकरी मिळण्याची शक्यता वाढली. ३० ऑगस्ट २०२४ रोजी वाढवण बंदराची पायाभरणी झाली, तेव्हा तेही फार काळ लहान राहणार नाही. डहाणू तालुका १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून घोषित आहे. तेथे चिकूच्या वाड्या आहेत, समुद्र आहे, निवांतपणा आहे. नोकरीस रोज चर्चगेटला जावयाचे असेल तर मात्र त्या निवांतपणाचा उपभोग शेजाऱ्यांनी घ्यावयाचा.

आता शेवटचा आणि नाजूक मुद्दा. गेल्या वर्षीच्या सर्वसाधारण सभेत एका सभासदाने सूचना मांडली की मंडळाने एखाद्या गावी जमीन घेऊन केवळ ज्ञातिबांधवांची वसाहत उभारावी. अशा वसाहतींचा इतिहास मोठा आहे. सारस्वत समाजाने श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने १९१५ साली गावदेवीस सहकारी गृहसंस्था स्थापन केली, ती या देशातील सहकारी गृहसंस्थांच्या अगदी पहिल्या फळीतली. त्यांचे आम्ही कौतुकच करतो. भाड्याच्या खोलीत पिचणाऱ्या कारकुनाला स्वतःचे छप्पर मिळवून देणे हे त्या काळी धाडस होते. परंतु आजची सूचना आम्हांस पटत नाही, आणि ते आम्ही स्पष्ट सांगतो. एक तर नोकऱ्या एका ठिकाणी राहिलेल्या नाहीत; एक ज्ञातिबंधू ऐरोलीस जातो, दुसरा अंधेरीस, तिसऱ्याची बदली पुण्यास. सर्वांना सोयीचे एक गाव सापडावयाचे नाही. दुसरे असे की त्या म्हाताऱ्यास खांदा ज्यांनी दिला त्यांची ज्ञाती आपण विचारली नाही. गावात जाऊन आपण आपल्यापुरती भिंत घालून राहावयाचे असेल तर गावात जाण्याचे प्रयोजनच काय? गावच्या शाळेत मुले घालावी, गावच्या उत्सवात वर्गणी द्यावी, ग्रामदैवताच्या पालखीस जावे, नगरपालिकेच्या निवडणुकीत मत नव्या पत्त्यावर नोंदवावे. दहा वर्षे गावात राहून मतदानास जुन्या पत्त्यावर मुंबईस जाणारी माणसे आम्ही पाहिली आहेत. मग नगरसेवक त्यांच्या गटाराकडे का पाहील?

मंडळाने वसाहत बांधू नये, पण एक लहान काम करावे अशी आमची विनंती आहे, आणि ती कार्यकारी मंडळाने तत्त्वतः मान्य केली आहे. पत्त्यांची वही आज आडनावांच्या अनुक्रमाने आहे. तिची दुसरी प्रत स्थानकांच्या अनुक्रमाने तयार करावी. म्हणजे वांगणीस नवे बिऱ्हाड करणाऱ्यास तेथे आपली तीन घरे आधीच आहेत हे कळेल, घर घेण्यापूर्वी पाण्याची व डॉक्टरची चौकशी त्यांच्याकडे करता येईल, आणि एखाद्या दुपारी एकट्या घरात कोणास काही झाले तर मुंबईहून मुलगा पोचेपर्यंत पंधरा मिनिटांत पोचणारे कोणी असेल. या कामासाठी सभागृहाच्या दाराशी छापील अर्ज ठेवले आहेत. त्यांत नाव, दूरध्वनी क्रमांक, स्थानकाचे नाव, घर स्थानकाच्या पूर्वेस की पश्चिमेस, आणि दुपारी घरी कोण असते, एवढे पाच रकाने आहेत. पाचवा रकाना पुष्कळांनी रिकामा सोडला असल्याचे मघाशी आम्ही पाहिले. तो कृपया भरावा. सून घरी असेल तर सुनेचे नाव लिहावे, आजी असतील तर आजींचे. भोजनाची पंगत बसण्यापूर्वी अर्ज चिटणीसांकडे द्यावेत. कल्याणाच्या पुढे राहणाऱ्यांची पंगत पहिली बसेल, कारण त्यांना गाडी पकडावयाची आहे.